ठेचलेले बोल्ट

मिस्त्रीला कुरकुर सहन व्हायची नाही. माणसांची नाही आणि लाकडाची तर मुळीच नाही. घरातली एखादी खुर्ची बोलायला लागली की हा भरल्या ताटावरून उठायचा, तिला उलटी पाडायचा आणि तिचा बंदोबस्त करूनच परत जेवायला बसायचा. त्याची बायको, तिला सगळे मिस्त्रीणच म्हणत, ती म्हणायची, "अहो, खुर्ची आहे ती, चोर नाही." त्यावर ह्याचं ठरलेलं उत्तर असे, "ढिला सांधा म्हणजे चोरच. आज आवाज करतोय, उद्या पाडेल."

अर्धं आयुष्य त्यानं घोड्यांच्या बग्ग्या बांधल्या. बांधल्या म्हणजे कशा! दार लावलं की फटीत केस शिरायचा नाही. मग मोटारी आल्या. त्या काळी कारखान्यातून नुसती चासी यायची. लांबलचक लोखंडी सांगाडा, त्याला चार चाकं, पुढे इंजिन, आणि बसायला म्हणाल तर काही नाही. वरची लाकडी बॉडी ज्यानं त्यानं आपल्या ओळखीच्या सुताराकडून चढवून घ्यायची. गावात त्या कामाचा सुतार एकच, हा मिस्त्री. बग्गीच्या जागी मोटार आली, त्यात काय एवढं, असं त्याला वाटलं. घोडा काढला आणि इंजिन बसवलं, बाकी सगळं तेच! तिथेच गाडं अडलं.

चासीचं लोखंडी काम त्याच अंगणातल्या दुसऱ्या शेडमधल्या लोहाराकडे असायचं. आणि हा लोहार म्हणजे मिस्त्रीचा व्याही. लोहाराची एकुलती एक मुलगी मिस्त्रीच्या मुलाला दिलेली. आता एक धंदा, एक अंगण आणि त्यात व्याह्यांचं नातं. भांडायचं तर हसत हसत भांडावं लागे.

एक मोठी बंद मोटार बांधायला आली होती, थंडीवाऱ्यात उतारूंना डोंगरापलीकडच्या शहरात नेणारी. मिस्त्रीनं तिच्यात जीव ओतला होता. एक दिवस लोहारानं नुसत्या चासीच्या एका चाकाखाली जॅक लावला, चासीच्या कोपऱ्याकोपऱ्यांतून दोन तिरक्या दोऱ्या ताणल्या, चाक उचललं आणि मिस्त्रीला हाक मारली.

"व्याही, इकडे या. ह्या दोन दोऱ्या मधे एकमेकींना टेकल्या होत्या, आता बघा, फट पडली. चासी पिळली की नाही?"

"मग तुमची चासी कच्ची आहे."

"कच्ची नाही हो. रस्ता खाली-वर, एक चाक खड्ड्यात, एक दगडावर. तिनं पिळायलाच हवं, नाहीतर मोडेल. पण तुम्ही बॉडी तिच्यावर घट्ट आवळलीत की तिच्याबरोबर बॉडीही पिळणार आणि दारं अडकून बसणार. मधे चामड्याच्या चकत्या घालू. बोल्ट थोडे सैल ठेवू. खाली ती पिळेना का, वर तुमची बॉडी शांत बसेल."

मिस्त्रीनं मिशीवरून हात फिरवला. "व्याही, मुलगी तुम्ही आम्हाला दिलीत. बरोबर अक्कलही पाठवा असं काही आम्ही म्हटलं नव्हतं."

लोहार हसला, पण त्याचे कान लाल झाले. मुलीचा बाप! काय बोलणार? तरी गडी चिवट. गोड बोलून, दोन वेळा चहा पाजून त्यानं मिस्त्रीकडून होकार काढलाच. चकत्या घातल्या, बोल्ट सैल ठेवले, गाडी अंगणात फिरवली. आणि बॉडी चामड्यावर बसून बोलायला लागली, कुर्र, कुर्र. मिस्त्रीच्या अंगावर काटा आला. पुढचे काही दिवस त्याला ना झोप ना जेवण. आपल्या हातची गाडी रस्त्यानं रडत जाणार आणि लोक म्हणणार, मिस्त्री म्हातारा झाला!

मग एका दुपारी लोहार जेवायला गेला असताना हा पाना घेऊन गाडीखाली शिरला. एकूण एक चकती उपसून काढली. खांदा दुखेपर्यंत बोल्ट आवळले. तेवढ्यानं समाधान होतंय कसलं! बग्गीवाल्यांची जुनी रीत होती, नटाच्या बाहेर आलेलं बोल्टाचं तोंड हातोडीनं ठेचायचं. मग तो नट ना ढिला होतो ना कुणाच्या बापाला निघतो. यानं सगळी तोंडं ठेचली, वरून काळा रंग फासला आणि बाहेर येऊन गाडीला दोन्ही हातांनी गदगदा हलवलं. हूं की चूं नाही. त्या रात्री तो गाढ झोपला.

लोहाराला त्यानं सांगितलं नाही. वाटत होतं, गाडी चालली की कळेलच त्याला. पुढे काय होणार ते कुणाला माहीत होतं!

सुनेला तेव्हा दिवस गेलेले होते. अजून अवकाश आहे असं सगळे धरून चालले होते, आणि एके सकाळी तिला कळा सुरू झाल्या. सुईण आली, पोटावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला आणि तिचा चेहरा उतरला. मिस्त्रीणीला बाजूला घेऊन म्हणाली, "मूल आडवं आहे. माझा हात इथे चालायचा नाही. शहरातल्या इस्पितळात न्या, आत्ताच्या आत्ता. उशीर केलात तर दोघंही हातची जातील."

घरात एकच पळापळ. लोहार धावत आला. तो म्हणाला, "घोडागाडी काढू. सावकाश जाईल, पण जाईल."

"ह्या वाऱ्यात उघड्या गाडीतून?" मिस्त्री कडाडला. "शेडमध्ये बंद मोटार उभी आहे ती काय पूजेला? पोरगा चालवेल. पोरीला वाऱ्याची झुळूक लागणार नाही."

ते खरं होतं आणि वेळ नव्हता. मोटारीच्या मालकानंही नाही म्हटलं नाही, लांबची चाचणी व्हायचीच होती. सुनेला मागच्या बाकावर निजवलं, उशाशी मिस्त्रीण बसली. पुढे मुलगा चालवायला, शेजारी दोघं व्याही, मिस्त्रीच्या पायाशी हत्याराची पेटी. निघता निघता लोहारानं विचारलं, "चकत्या नीट आहेत ना हो?"

"बसा हो तुम्ही!" मिस्त्री म्हणाला.

चढ लागला. इंजिन धापा टाकत होतं, मागून सुनेचं कण्हणं येत होतं, पण बॉडीचा आवाज नव्हता. मिस्त्रीची मान ताठ होती. थोड्या वेळानं लोहारानं डोकं मागच्या फळीला टेकवलं, कान दिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आवाज कसा नाही?"

"बांधणाऱ्यानं नीट बांधलं की नसतो आवाज."

लोहारानं व्याह्याकडे असं बघितलं, की मिस्त्रीनं तोंड फिरवून दरीकडे नजर लावली. छे, काही होत नाही, असं त्यानं मनाला बजावलं.

माथ्याच्या अलीकडे रस्ता पाण्यानं खचला होता. मुलानं गाडी डोंगराच्या अंगानं घातली, जपून, अगदी पायी चालल्यासारखी. पुढचं दरीकडचं चाक खड्ड्यात उतरलं आणि त्याच्या तिरक्यातलं मागचं, डोंगराकडचं चाक हवेत उचललं गेलं. खालून लोखंड कण्हलं. मग बॉडीत असा आवाज झाला की मिस्त्रीला वाटलं आपलंच हाड मोडलं. एक काच तडकली. इंजिन बंद पडलं. गाडी तिरपी झाली आणि तशीच राहिली, दरीकडचं मागचं चाक भुसभुशीत कडेवर टेकून.

पुढची बैठक उघडी, तिला दारं नव्हतीच, तिघं उड्या टाकून उतरले. मुलानं मागचं दार ओढलं. हलेना. जोर लावला तशी मूठ उपटून त्याच्या हातात आली. पलीकडचं दार दरीवर उघडणारं, तेही चिकटलेलं. चौकटच पिळली होती. ज्या फटीत केस शिरत नव्हता तिथे आता दारानं चौकटीचा गळा धरला होता.

"आई, आतून धक्का दे!" मुलगा ओरडला.

"देतेय रे, देतेय! हलत नाही मेलं!" आतून मिस्त्रीणीचा आवाज आला. आणि मग, "अहो, कसला वास येतोय? पेट्रोल का हो हे?"

पेट्रोलच होतं. पुढच्या बाकाखालच्या टाकीचा सांधा पिळवटून उकलला होता आणि थेंब थेंब गळत होतं, तापलेल्या इंजिनापासून हातभर अंतरावर. मिस्त्रीनं लाकडी हातोड्यानं खिडकीची काच फोडली. वारा आत गेला, पण खिडकी केवढीशी! थंडी शिरू नये म्हणून त्यानंच ती लहान ठेवली होती. त्यातून डोकं बाहेर येईल, भरल्या पोटाची बाई कशी येणार? सुनेचा चेहरा खिडकीपाशी आला, घामानं भिजलेला. ओठ चावून चावून रक्त आलं होतं.

लोहार पाना घेऊन गाडीखाली सरपटत गेला. बोल्ट सैल केले की बॉडी आपला पीळ सोडेल, दार सुटेल, एवढा साधा हिशोब. पाना नटावर नुसता घसरताना ऐकू येत होता. मग खालून आवाज आला. "व्याही, चकत्या कुठे आहेत?"

मिस्त्रीनं हातोडा खाली ठेवला.

"आणि ह्या बोल्टांची तोंडं कुणी ठेचली?"

"मी," मिस्त्री म्हणाला.

लोहार बाहेर आला. त्याच्या दाढीवरून पेट्रोल निथळत होतं. मिस्त्रीला वाटलं, आता हा आपल्या थोबाडीत मारेल, आणि मारलेली बरी. पण लोहारानं नुसतं ऐकवलं, "छिन्नीनं तोडले असते मी एकेक करून. पण लोखंडावर लोखंड मारलं की ठिणगी उडणार, आणि खाली पेट्रोल आहे. चाक उचलावं तर गाडी कलंडेल. आता लाकूडच कापायला हवं. तुमचं लाकूड. काढा करवत."

तेवढ्यात मागच्या चाकाखालची माती भसकन ढासळली आणि गाडी बोटभर सरकली. मुलानं चाकाला दगड लावला आणि दगडाला पाठ लावून तो खाली बसला. जणू तो एवढी मोठी गाडी पाठीनं धरणार होता. करणार काय बिचारा? आत त्याची बायको होती, त्याची आई होती आणि न जन्मलेलं मूल होतं.

मिस्त्री हत्याराची पेटी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. त्यानं करवत काढली. दाराशेजारचा खांब कापायचा, एवढं त्याला कुणी सांगायला नको होतं. सगळा पीळ त्या खांबानं धरून ठेवला होता. तो दोन ठिकाणी कापता आला असता. वर, छताच्या सांध्याशी, तिथे लाकूड बारीक होतं, दहावीस हात मारले की काम झालं. पण तिथे कापलं की छत फाटणार, बाजूची फळी उभी चिरणार, आणि ही बॉडी पुन्हा कधी बॉडी म्हणून उभी राहणार नाही. दुसरी जागा खाली, बाकाच्या उंचीवर. लाकूड जाड, वेळ लागणार. पण तिथे पुढेमागे नवा तुकडा जोडता येतो आणि जोड गादीमागे झाकला जातो.

आणि आता ह्या माणसाला काय म्हणावं? त्यानं खाली बोट टेकवलं. अंगठा लावून मोजलं, जोड कुठे बसेल ते बघितलं, आणि खाली करवत घातली.

वाईट होता का तो? नव्हता. सुनेला पोटच्या पोरीसारखं वागवत होता. पण आयुष्यभराची सवय हातात असते, ती डोक्याला विचारत नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, म्हणतात ना, ते काय उगीच? करवत जाड लाकडात कुंथत होती. मिस्त्रीच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. खिडकीतून सून त्याच्याकडे बघत होती.

"मामंजी, लवकर करा हो."

"झालंच, पोरी. झालंच."

झालं नव्हतं. निम्मंही कापून झालं नव्हतं. सुनेनं अशी किंकाळी फोडली की लोहारानं कानावर हात ठेवले, आणि आतून मिस्त्रीण ओरडली, "अहो, पाणी गेलं! हात आला बाळाचा, हात आलाय बाहेर!" त्याच क्षणी माती पुन्हा ढासळली. गाडी वीतभर सरकली, मुलगा दगडासकट घसरला.

तेव्हा कुठे मिस्त्री भानावर आला. करवत अडकली होती, ती त्यानं हिसडून काढली, पायरीवर चढला आणि वरच्या सांध्यावर तुटून पडला. मोजलं नाही, बघितलं नाही. दहावीस हातही लागले नाहीत. खांब कडाडला, छत उभं फाटलं, फळी चिरत खाली गेली, आणि दार आपणहून उघडलं. लोहारानं लेकीला काखेत धरून बाहेर ओढलं. मागून मिस्त्रीण गुडघ्यांवर रांगत आली. सगळे डोंगराच्या कडेला पडले तेव्हा गाडी करकरत खाली गेली आणि एका खडकाला टेकून थांबली. तिकडे कुणी वळूनही बघितलं नाही.

खडी वाहणारी एक घोडागाडी मागून आली, म्हणून पुढची वाट निघाली. खडी रस्त्यावर ओतून दिली आणि पोत्यांवर सुनेला निजवलं. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी तासन् तास झुंज दिली. सून वाचली. मुलगी झाली, तीही वाचली. फक्त तिचा जो हात आधी बाहेर आला होता, तो उजवा, लुळा राहिला. मुलानं दाराशी विचारलं, "आम्ही थोडं आधी आलो असतो तर?"

"कदाचित," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कदाचित नाही. नक्की नाही सांगता येत."

मिस्त्री भिंतीला पाठ लावून उभा होता. त्यानं ते ऐकलं. तो तिथेच जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मिस्त्रीणीला वाटलं, सुटल्याचे अश्रू आहेत.

पुढे ह्या गोष्टीची गावभर कहाणी झाली. आपल्या हातचं सगळ्यांत देखणं काम सुनेसाठी करवतीनं कापणारा माणूस! लोहार स्वतः ती चार लोकांत सांगायचा. ठेचलेल्या बोल्टांबद्दल त्यानं तोंडातून शब्द काढला नाही, लेकीच्या सासरचं उणं कोण काढील? आणि खालच्या कापाचं तर त्याला माहीतच नव्हतं. सगळ्यांचे डोळे त्या वेळी चाकावर होते. मिस्त्री खाली मान घालून ऐकायचा. लोक म्हणायचे, विनयी आहे.

त्यानं काम मात्र बदललं. लाकडाला लाकूड टेकू द्यायचं नाही, मधे बोटभर मोकळं ठेवायचं आणि लोखंडी पट्टीनं जोडायचं. दाराला फट ठेवायची आणि ती कापडाच्या पट्टीनं झाकायची. बोल्टाखाली चामडं. गाडी चाचणीला नेऊन मुद्दाम खड्ड्यात घालायची आणि तिथे सगळी दारं उघडून बघायची. त्याच्या गाड्या चालताना बोलायच्या, पण खडबडीत रस्त्यावर वर्षानुवर्षं टिकायच्या. दुसऱ्यांच्या घट्ट बॉड्या खिळखिळ्या होऊन यायच्या त्याच्याकडेच. लांबून लांबून चासी यायला लागल्या. नाव झालं, म्हातारपण सुखाचं झालं, असं बघणाऱ्याला वाटे.

सून त्या दिवसानंतर बंद मोटारीत बसली नाही. माहेरी जायचं तर अंगण ओलांडायचं आणि बाजारात जायचं तर पायी. तिला कुणी आग्रहही केला नाही. मुलगी मोठी होत होती, डाव्या हातानं सगळं करायची, आणि आजोबांच्या मागे मागे लाकडाचा भुसा उडवत फिरायची.

मग तिच्या शाळेसाठी मोटार बांधायचं काम मिस्त्रीकडेच आलं. त्यानं ती बांधली, खड्ड्यात घातली, दारं उघडून बघितली, पुन्हा घातली, पुन्हा बघितली. पहिल्या दिवशी सकाळी गाडी अंगणात उभी राहिली. मिस्त्री स्वतः पुढे बसून जाणार होता. नात दप्तर घेऊन उड्या मारत आली, आणि सुनेनं तिचा डावा हात धरला.

"ती माझ्याबरोबर चालत येईल, मामंजी."

"लांब आहे ग. पाय दुखतील तिचे."

"दुखू देत."

मिस्त्री गाडीतून उतरला. त्यानं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. "बघ तरी. कुठेही घाल, कशीही पिळू दे, हे दार अडकणार नाही. अजून माझ्या गाडीवर विश्वास नाही का तुझा?"

"गाडीवर आहे," सून म्हणाली.

मिस्त्रीचा हात दारावरच राहिला. सून त्याच्याकडे सरळ बघत होती. आवाज चढला नव्हता, डोळे कोरडे होते.

"त्या दिवशी तुम्ही अंगठा लावून मोजत होतात. मी आतून बघत होते."

अंगणात लोहाराचा भाता चालू होता. नात एकदा आईकडे, एकदा आजोबांकडे बघत होती. मिस्त्रीला बोलायला पुष्कळ होतं. वय झालं होतं, घाबरलो होतो, हाताची सवय, मनात तसं नव्हतं. इतकी वर्षं हिनं आपल्याला जेवायला वाढलं, आजारपणात पाय दाबले, आणि सगळं माहीत असताना!

"हो," तो म्हणाला. "मोजत होतो."

सुनेनं लेकीचं दप्तर हातात घेतलं. म्हणाली, "एवढंच ऐकायचं होतं. तुम्ही नाही म्हणाल अशी भीती होती मला."

तिनं लेकीला उचलून बाकावर बसवलं, दप्तर मांडीवर दिलं. मिस्त्री दार लावायला पुढे झाला, तर तिनं हातानंच त्याला थांबवलं. दार तिनं स्वतः लावलं, मग उघडलं, आणि पुन्हा लावलं.